देवासची टेकरी आणि पागेचे गवत

इंदूरहून आग्रा रस्त्याने निघाले की तासाभराच्या आत देवासची टेकरी दिसू लागते. सपाट काळ्या शिवारातून एकदम वर आलेली, माथ्याकडे निमुळती होत गेलेली, आणि शहरापासून मोजली तर सुमारे 300 फूट उंच. आम्ही माळव्यातली मराठी मंडळी तिला 'टेकडी' म्हणत नाही, 'टेकरी' म्हणतो, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते. त्यांना आम्ही कौतुकाने वर घेऊन जातो आणि ते सौजन्याने मान डोलावतात. राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला 300 फुटांचे काय मोठेसे! वर ना बुरूज, ना तट, ना चोरदरवाजा. देवीचे दर्शन, गार वारा आणि खाली पसरलेले शहर.

तरीही आमचे म्हणणे असे की, माळव्यात आपली माणसे कशी आली, का आली आणि कशी राहिली हे समजून घ्यायचे असेल तर अशी एखादी बुटकी टेकरी पायी चढावी. किल्ले पाहून जे कळत नाही ते इथे कळते. मात्र चढताना नजर माथ्यावर न ठेवता पायाखाली ठेवायला हवी.

देवासच्या टेकरीचा पायथा आता घरांनी, दुकानांनी आणि नारळ-चुनरीच्या पाट्यांनी वेढलेला आहे. मुकाट 'रपट' धरावी (पायऱ्या टाळून जाणाऱ्या उताराच्या रस्त्याला इथे रपट म्हणतात) किंवा रोपवेत बसावे. पण शहराबाहेर चार कोस गेलात तर कोणत्याही लहान टेकाडावर जुनी वाट अजून तशीच सापडते. भाद्रपदात, म्हणजे आपल्या गणपतीच्या दिवसांत, ती सर्वांत चांगली दिसते. आधी सोयाबीनची शेते लागतात. माती काळी, खोल, चिकट. चपलेला शेरभर लागून येते. मग जमीन किंचित चढू लागते आणि मातीचा रंग फिकट होतो, पायाखाली मुरूम करकरतो. शेताचा बांध संपतो आणि कमरेइतके गवत सुरू होते. त्याच्याही वर काळा फत्तर उघडा पडलेला, त्याच्या फटीत एखादे बोरीचे झुडूप.

शेत, गवत, खडक. असे हे तीन पट्टे. माळव्याचे पठार ज्या दगडाचे बनले आहे तो दख्खनचाच काळा दगड, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. नर्मदा ओलांडली म्हणून जमीन बदलत नाही. नगर-पुण्याकडच्या माळरानावरून आलेल्या शिलेदाराला इथे बोली परकी वाटली असेल, पाणी अधिक गोड वाटले असेल, पण जमीन पाहून तो बुचकळ्यात पडला नसणार. खोल काळीवर पीक, उथळ मुरमावर चारा, हे गणित त्याच्या घरचेच होते. ज्या गवताळ माळाला देशावर 'कुरण' म्हणतात त्याला इथे 'बीड' म्हणतात. (मराठवाड्यातल्या बीडशी गल्लत नको, आमच्याकडे 'बीडात गेला होता' म्हणजे गवतात गेला होता.)

गवत म्हणजे सगळे एकच, असे शहरात वाटते. जनावरे पाळणाऱ्याला तसे वाटून चालत नाही. मारवेल हे गोड, मऊ गवत. गुरे आणि घोडे दोघेही आवडीने खातात. कुसळी हे मात्र वेळेचे गवत. कोवळे असताना उत्तम चारा, पण एकदा फुलोऱ्यावर येऊन कुसळे कडक झाली की जनावराच्या तोंडाला टोचतात आणि आपल्या धोतर-पायजम्यात घुसतात ते वेगळेच. म्हणून पावसाळाभर बीड राखायचे, गुरे आत शिरू द्यायची नाहीत, आणि कुसळे पिकायच्या आत कापून, वाळवून गंजी रचायच्या. हा बेत साधारण आश्विनात येतो. दसऱ्याला घोडे सजवून सीमोल्लंघनाला निघायचे, या आपल्या परंपरेमागे धर्म आहे, शौर्य आहे, सगळे आहे. पण त्यामागे गवताचे वेळापत्रकही आहे हे विसरू नये. पाऊस संपलेला, नद्यांना उतार पडलेला, घोडा चार महिने हिरव्या चाऱ्यावर भरलेला आणि गंज्या रचलेल्या. आता निघायला हरकत नाही.

आजही भाद्रपदात अशा बीडात कधीकधी घोडे चरताना दिसतात. हे घोडे म्हणजे वरातीच्या घोड्या. देवशयनी एकादशीपासून चातुर्मास लागतो, लग्ने बंद होतात, आणि घोडीवाल्यांना जनावरे बांधून विकतचा चारा घालणे परवडत नाही. ते घोड्या मोकळ्या माळावर सोडतात. देवउठनी एकादशीनंतर पुन्हा झूल चढवायची, तुरा लावायचा आणि बँडपुढे उभे करायचे. म्हणजे पावसाळ्यात चरा आणि कार्तिकात कामाला लागा, हा अठराव्या शतकातल्या फौजेचाच क्रम. लढाई गेली, वरात उरली. पण घोड्याचे पोट त्याच पंचांगावर चालते.

आता थोडा हिशेब करू. दख्खनचा भीमथडी घोडा अंगाने लहान. 300 किलोचा धरला तर त्याला रोज सहा किलोच्या आसपास वाळका चारा लागतो, चंदीचे धान्य वेगळे, आणि पाणी वीस-पंचवीस लिटर तरी. हजार घोड्यांचे पथक म्हटले की दिवसाला सहा टन गवत. चार महिन्यांच्या छावणीला सातशे टनांच्या वर. आणि हजार घोडे म्हणजे त्या काळी काही मोठी फौज नव्हे. बखरींतून लाखाचे आकडे सहज फेकलेले असतात. ते वाचताना आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, ह्या सगळ्यांनी खाल्ले काय?

जुन्या मंडळींना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीला बसून बखर लिहिली, तीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, अशी चढती वीण. पण त्यातली आम्हांला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. तलवारीच्या आधी पाणी आणि नाल. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचे भांडवलच बुडाले. त्यामुळे लढाईत तो घोड्याला जपत असे. पुढे इंग्रज लेखकांनी यावरून मराठी घोडदळाला नावे ठेवली. त्यांच्यापैकी कुणाला घरचे शेत गहाण टाकून घोडा घ्यावा लागला नव्हता, एवढेच आम्ही म्हणू.

माळव्याच्या मराठी इतिहासातल्या ठळक तारखा आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. 29 नोव्हेंबर 1728 ला अमझेऱ्याची लढाई झाली. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर आणि दया बहादूर दोघेही पडले. जानेवारी 1738 मध्ये भोपाळजवळ बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि दुराहा सराईच्या तहात माळव्यावरचा हक्क कबूल करून घेतला. 1741 मध्ये बादशाही मान्यता आली. स्मरणिकांतून आणि भाषणांतून 'माळवा जिंकला' असे म्हणताना यांपैकी कुठलीतरी एक तारीख सांगितली जाते.

पण जिंकणे वेगळे आणि राहणे वेगळे. सुरुवातीच्या मोहिमांचा क्रम ठरलेला होता. दसऱ्यानंतर निघायचे, नर्मदा उतरायची, चौथाई गोळा करायची आणि पावसाच्या आत परत नर्मदापार व्हायचे. एकदा नर्मदेला पूर आला की मागे राहिलेले पथक अडकले. शत्रूच्या मुलखात चार महिने चिखलात बसायचे तर घोड्यांना चारा कुठून? त्यासाठी बीडे राखलेली हवीत, गंज्या हव्यात, त्यांवर पहारे हवेत, गावच्या पाटलाशी बोलणे झालेले हवे. म्हणजेच गावात पाय रोवलेला हवा. 1730 नंतरच्या वर्षांत शिंदे, होळकर, पवार या सरदारांच्या फौजा पावसाळ्यातही माळव्यात छावणी करून राहू लागल्या. आमच्या मते आपल्या वस्तीचा आरंभ इथून धरावा. घोडा पावसाळ्यात नर्मदेच्या अलीकडे राहिला, त्या वर्षी मराठी माणूस माळव्याचा झाला. त्याच्यामागून कारकून आले, भिक्षुक आले, वाणी-सोनार आले, कीर्तनकार आले, आणि ह्या सगळ्यांची कुटुंबे आली.

देवासला आले ते पवार. नगरजवळच्या सुप्याकडचे हे घराणे. त्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ देवासचे पहिले अधिपती. दोघांनी मिळून कारभार केला आणि पुढे त्यांच्या वंशजांत वाटणी झाली, ती इतकी बारीक की 1841 नंतर देवास थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन वेगळी संस्थाने एकाच गावात नांदली. मुख्य रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, समोरची दुसऱ्यांची. पाणी वेगळे, दिवाबत्ती वेगळी. दोन राजवाडे, दोन दरबार, आणि दोन्ही महाराजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी. आजही इथे कुठल्या कामात दोन कचेऱ्यांचा घोळ झाला की जुनी माणसे हसून म्हणतात, देवासला हे नवीन नाही.

टेकरीवर देवीही दोन: मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. लोकांच्या मनात त्या सख्ख्या बहिणी आहेत. 'देवीचा वास' म्हणून देवास, अशी गावाच्या नावाची उपपत्ती सांगितली जाते. चामुंडा ह्या मातीतली. तुळजाभवानी हे नाव ऐकताच आपल्या लोकांना तुळजापूर आठवते. परमुलखात आलेल्या शिलेदाराला पहिल्या टेकरीवर आपल्या भवानीचे नाव सापडले, याने त्याला किती धीर आला असेल! आणि इथल्या शेतकऱ्याने दोघींना बहिणी मानून टाकले, हाही त्याचा मोठेपणा.

मोठेपणा म्हणण्याचे कारण आहे. घोडा बीडातले गवत खातो तोवर ठीक. बांध ओलांडून गव्हात शिरला की शेतकऱ्याचे वर्ष गेले. आपल्या पूर्वजांच्या घोड्यांनी माळव्यात किती शेते तुडवली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि गौरवाच्या लेखांत तो विषयच निघत नाही. सर जॉन माल्कमने 1823 मध्ये मध्य भारतावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ओस पडलेल्या गावांची वर्णने आहेत. माल्कम आपल्या सरकारची तारीफ करायला बसला होता हे खरे. पण त्याने पाहिलेली ओस गावे त्यामुळे खोटी ठरत नाहीत. पेंढारी, बेबंद पथके, पगार थकलेल्या फौजा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रांताची दैना केली, आणि त्या फौजांत मराठी नावे पुष्कळ होती.

इथे शिवाजी महाराजांचे एक पत्र आठवते. 1673 च्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्करातील अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. त्यात विजय नाही, तोफा नाहीत. विषय आहे दाणा आणि गवत. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच वाटेल तशी उधळली तर पुढे काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरी शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि रयत म्हणेल की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. असा त्या पत्राचा आशय आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज्यांना आग लागेल, इथपर्यंत राजाने विचार केला आहे! चाऱ्याचे राज्यशास्त्र इतक्या थोडक्यात कुणी सांगितले असेल असे आम्हांला वाटत नाही. बीड आणि शेत यांच्यामधला जो बांध आपण टेकरी चढताना सहज ओलांडतो, त्या बांधाची राखण करणे म्हणजे राज्य करणे. पुढच्या शतकात, मूळ मुलखापासून दूर, ती राखण ढिली पडत गेली.

घोडदळाचे दिवस पुढे फार राहिले नाहीत. महादजी शिंद्यांनी 1784 नंतर द बॉयन्यकडून कवायती पायदळ उभे करून घेतले तेव्हाच वारे फिरले होते. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या पवारांनीही इंग्रजांशी करार केला. मोठ्या पागा मोडल्या. काही स्वार इंग्रजी रिसाल्यांत गेले. बाकीच्यांनी घोडा विकून बैल घेतले आणि बांधाच्या पलीकडे, शेतात उतरले.

भाषेत मात्र घोडा अजून बांधलेला आहे. पागनीस, पागे, शिलेदार, चाबुकस्वार ही आडनावे आपल्या मंडळांच्या वर्गणीच्या यादीत सहज सापडतात. ज्याच्या पणजोबांनी पागेचा जमाखर्च लिहिला तो आता सोसायटीचा जमाखर्च लिहितो, एवढाच फरक. भाषणात नको तो मजकूर भरला की आपण 'खोगीरभरती' म्हणतो. खोगिरात काय भरतात हे मुलांना विचारून पाहा. काम कुठे अडले हे शोधताना 'घोडे कुठे पेंड खाते' असे विचारतो. तोबरा भरणे आपल्याला ठाऊक आहे, पण तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी, हे माहीत असणारे आता थोडे.

आणि बीडे? 1970 नंतर माळव्यात सोयाबीन पसरले. त्यापूर्वी पुष्कळ काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू घेत. ज्वारी असे तिथे कडबा मिळे. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे आणले, त्याबद्दल तक्रार करण्याचा आम्हां शहरात राहणाऱ्यांना अधिकार नाही. पण कडबा गेला. ट्रॅक्टरने मुरमाडही नांगरता येऊ लागले, तेव्हा शेताचा बांध टेकाडावर चढला. मध्यप्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत गावाच्या चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. कागदावर तिला 'चरनोई' म्हणतात. गावोगाव ही चरनोई आक्रसत गेली. कुठे तिच्यावर अतिक्रमण, कुठे वसाहत, कुठे पवनचक्कीचा रस्ता. कोणत्याही पटवाऱ्याकडे नकाशा मागून पाहावा. कागदावरची चरनोई आणि डोळ्यांसमोरची यांत किती अंतर आहे ते दिसेल. घोडीवाल्यांना ते अंतर नकाशाशिवायच कळते, कारण दर वर्षी घोड्या आणखी लांब न्याव्या लागतात.

देवासची टेकरी जगाला माहीत झाली ती एका इंग्रजामुळे. ई. एम. फॉर्स्टर 1912-13 मध्ये इथे येऊन गेला आणि 1921 मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. ह्या तुकोजीरावांची पत्नी म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या. दरबारच्या गोकुळाष्टमीत महाराज स्वतः अनवाणी नाचत, तुकोबांचे अभंग गात. ते फॉर्स्टरने पाहिले आणि 1924 च्या 'अ पॅसेज टु इंडिया' ह्या कादंबरीच्या शेवटच्या भागात घातले. म्हणून त्या जगप्रसिद्ध इंग्रजी पुस्तकात तुकारामाचे नाव घुमते. 1953 मध्ये त्याने देवासच्या आठवणींचे पुस्तक काढले, त्याचे नावच 'द हिल ऑफ देवी'. त्याच टेकरीच्या पायथ्याशी 1948 पासून कुमार गंधर्व राहिले. बेळगावकडचा मुलगा क्षयाच्या उपचारासाठी माळव्याच्या कोरड्या हवेत आला, वर्षानुवर्षे गाणे बंद ठेवून अंथरुणावर पडून राहिला, आणि दारावरून जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी ऐकत राहिला. त्यातून त्यांनी पुढे काय केले हे वाचकांना सांगायला नको.

ज्या घरांत पागेचा, चंदीचा, गवताच्या गंज्यांचा जमाखर्च असलेले मोडी कागद असतील, त्यांना आमची एक विनंती आहे. सनदा आणि खलिते लोक जपतात, चौकटीत लावतात. गवताच्या हिशेबाचा रुमाल मात्र घर बदलताना रद्दीत जातो. अशा कागदात कोणत्या गावच्या बीडातून किती भारे आले, गंजी कुठे रचली, किती मजूर लागले, कोणाचे शेत तुडवले म्हणून किती भरपाई दिली, हे असू शकते. ते वाचता आले तर माळव्यातल्या कुठल्या टेकाडावर कुणाची घोडी चरत होती याचा नकाशा काढता येईल, आणि तो चरनोईच्या नकाशाशेजारी ठेवता येईल. मोडी वाचणारी चार-दोन माणसे आपल्यात अजून आहेत. त्यांतली बहुतेक सत्तरीच्या पुढची. अनंत चतुर्दशीनंतर मंडपाचे सामान आवरायला सगळे जमतातच. त्या दिवशी ट्रंकेच्या तळाशी पडलेला रुमालही सोबत आणावा.